मोठ्या अक्षरांचा नियम

४ मार्च, सोमवार

पट्टा पुन्हा आला. गुडघेदुखीवरच्या पट्ट्याची जाहिरात, मेलने. वर ठळक अक्षरांत ‘बसा, उठा, चाला’, खाली जिना उतरताना हसणारा एक म्हातारा. ज्या दवाखान्यांना, दुकानांना, शाळांना आणि घरगुती गिऱ्हाइकांना आमची कंपनी मेलची सोय पुरवते, त्या सगळ्यांच्या पेटीत एकेक. आठवड्यातून तीनदा येतो.

मालक माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "आपण मेलची कंपनी आहोत की गुडघ्यांचं दुकान, हे एकदा ठरवू या."

खडू हसला. खडू म्हणजे माझ्या शेजारी बसणारा सहकारी. उंच, पांढरा, आणि कामाला लावला की झिजतो, असं मालक म्हणतात. मी हसले नाही. मेल सर्व्हर माझ्या ताब्यात आहे, तेव्हा त्यावर जे येतं त्याला मी जबाबदार.

संध्याकाळी आत्या म्हणाली, "तो पट्टेवाला मलाही लिहितो बरं का. अक्षर छान मोठं असतं त्याचं. एका डोळ्यानं वाचता येतं." तिची पेटीही आमच्याच सर्व्हरवर आहे, मीच उघडून दिली. असल्या मेलला उत्तर द्यायचं नाही, उत्तर दिलं की पेटी जिवंत आहे हे त्यांना कळतं, असं मी तिला परत समजावलं.

"बरं, इन्स्पेक्टर," म्हणाली.

७ मार्च, गुरुवार

फिल्टरला आम्ही ऑफिसात चाळणी म्हणतो. आलेल्या प्रत्येक मेलला ती दोषांचे गुण देते. ठरावीक रेषेच्या वर गुण गेले की मेल ‘टाकाऊ’ या कप्प्यात पडते. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, मुद्दाम कप्पा उघडला तरच दिसते.

पट्टेवाला शब्द बदलतो, चित्र बदलतो, मेल पाठवणारं मशीन बदलतो. बदलत नाही ती एकच गोष्ट: अक्षराचा आकार. नेहमीच्या दुप्पट. म्हणून मी नवा नियम लिहिला. अनोळखी पत्त्यावरून मोठ्या अक्षरांतला मजकूर आला, की पूर्ण गुण, थेट टाकाऊत.

खडू म्हणाला, "जरा जास्त होतंय. एखादा सभ्य माणूस पण मोठं लिहीत असेल."

"सभ्य माणसाला ओरडायची गरज पडत नाही," मी म्हटलं.

दुपारपर्यंत पट्टा सगळीकडून नाहीसा झाला. साधा नियम असला की काम चोख होतं.

८ मार्च, शुक्रवार

अर्धी रजा. आत्याला घेऊन डोळ्यांच्या रुग्णालयात. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे. डाव्याच्या बुबुळावरचा पडदा बदलता येईल, पण व्रण आत उतरायच्या आधी. डॉक्टरीणबाईंनी कागदावर डोळा काढून दाखवला आणि पेन्सिलीने व्रण आत आत नेला. "उन्हाळा संपायच्या आत झालं पाहिजे. नंतर मी केलं काय आणि नाही केलं काय." प्रतीक्षायादीत नाव घातलं. पाळी आली की कळवतील, तीन दिवसांत होकार द्यायचा, नाही तर पाळी पुढच्याला.

खिडकीवरच्या कारकुनाने फोन नंबर मागितला. मी म्हटलं, मेलने कळवा. फोनवर बोललेलं मागाहून कुणी कबूल करत नाही. शिवाय विक्रीवाल्यांच्या त्रासाला कंटाळून मी आत्याच्या फोनवर अनोळखी नंबर बंद केलेले आहेत. त्याने तरी नंबर लिहून घेतला. मग विचारलं, "आजी, अक्षर मोठं पाठवू ना? आमच्याकडे बहुतेकांना मोठंच लागतं."

"एवढं मोठं पाठव," आत्या म्हणाली, "की समोरच्या घरातल्यांना आधी कळेल."

कारकून हसत होता. आत्या कुठेही गेली की पाच मिनिटांत तिथली होऊन जाते. मला ते जमत नाही, आणि जमावं असं वाटतही नाही. आई-बाबा गेल्यानंतर तिने मला वाढवलं ते एका छापखान्यात मुद्रितं तपासून. दिवसभर बारीक टाइप. डोळ्यांचं काय झालं ते तिथेच झालं असणार, पण ती तसं म्हणत नाही.

१८ मार्च, सोमवार

घडलं ते क्रमाने लिहिते.

सकाळी आत्याने विचारलं, रुग्णालयाचं काही आलं का. तिच्या पेटीत काही नव्हतं. मी ऑफिसातून फोन केला. खिडकीवरचा कारकून म्हणाला, पाळी लागली होती, मेल गेली होती, उत्तर आलं नाही, काल मुदत संपली, जागा दुसऱ्याला दिली. आवाजात राग नव्हता. रोज असं बोलावं लागत असेल.

मी आत्याचा टाकाऊ कप्पा उघडला. पट्टा, पट्टा, पट्टा, आणि मध्ये रुग्णालयाची मेल. मोठ्या अक्षरांत.

कारण शोधायचं तर साखळी मागे न्यावी लागते. मेल चाळणीत अडकली. चाळणी घट्ट करावी लागली. घट्ट करावी लागली ती पट्ट्यामुळे. साखळीचं टोक पट्टेवाला आहे. यात मला शंका नाही.

दुरुस्ती केली: रुग्णालयाच्या ज्या पत्त्यावरून ती मेल आली होती, त्या पत्त्याला मोकळीक दिली. खडू म्हणाला, सगळ्या रुग्णालयालाच दे की. मी म्हटलं, तिथे पन्नास माणसं बसतात, त्यांतल्या एकाचं मशीन बिघडलं तर आपल्या सर्व्हरवर घाण येईल. लागेल तेवढीच मोकळीक द्यावी. आत्याचं नाव यादीत परत घातलं आहे. शेवटी.

घरी सांगितलं. आत्या भाजी निवडत होती, बोटांनी चाचपून. आणखी एक जुडी पुढे ओढली. मग म्हणाली, "तरीच म्हटलं, हल्ली माझं टपाल कमी झालंय."

"चाळणी लावलीय ना."

"हो का. छान झालं."

तिने निवडलेल्या भाजीत दोन पिवळी पानं होती. मी ती नंतर काढली.

२० मार्च, बुधवार

आमच्या वरच्या मजल्यावर वकीलबाई बसतात. त्या आमच्याच गिऱ्हाईक, त्यामुळे सल्ला चहाच्या कपावर मिळतो. मी विचारलं, असल्या मेल पाठवणं गुन्हा आहे का.

"नाही," त्या म्हणाल्या. "खोटं नाव लावलं तर गुन्हा. फसवलं तर गुन्हा. खरं नाव, खरा पत्ता, खरा फोन देऊन, ‘नको असेल तर कळवा’ असं लिहून पाठवलं, तर तो फक्त आगाऊपणा. तुझा माणूस काय करतो?"

मी छापलेली मेल दाखवली. तळाशी नाव, पत्ता, फोन, आणि ‘आपणांस नको असल्यास कृपया कळवावे, नाव वगळण्यात येईल’.

"अगं, हा तर शहाणा मुलगा निघाला. सगळं भरलंय."

"आणि आम्ही उलट काही केलं तर? खडूला त्याचं मशीन बंद पाडायचंय."

"तो दाराखालून पत्रकं सरकवतो. तुम्ही त्याचं दार फोडलंत, तर पोलीस कुणाला नेतील? त्याच्या मशीनमध्ये शिरलात तरी गुन्हा, ते बंद पाडलंत तरी गुन्हा. आधी त्यानं काय केलं, हे न्यायाधीश शेवटी ऐकतात. ऐकलं तर."

"मग करायचं काय?"

"तक्रार कर. खणात पडेल. किंवा कळव त्याला, की नको. कळवल्यावर त्यानं नाव वगळलंच पाहिजे, आणि लेखी पोच दिलीच पाहिजे. एवढा एकच दात आहे त्या कायद्याला."

मी ते वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं. प्रत्येक नकाराला पोच? "प्रत्येक," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. "तू माझ्याकडे काय विचारायला आली होतीस नक्की?"

चहा छान होता असं सांगून मी खाली आले.

२५ मार्च, सोमवार

मालकांसमोर मांडलं. पट्टेवाल्याने आमच्या गिऱ्हाइकांना आजवर जेवढ्या मेल पाठवल्या, त्यांतल्या प्रत्येकीला एक नकार जाईल. एका मेलला एकच नकार, जास्त नाही. प्रत्येक नकार गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या पत्त्यावरून, सभ्य भाषेत, सोबत पुराव्यासाठी मूळ मेल चित्रासकट जोडलेली. आमच्या करारात कलम आहेच: अनाहूत टपालाविरुद्ध कंपनी गिऱ्हाइकाच्या वतीने आवश्यक ती पावलं उचलेल. सगळ्यांनी त्यावर खूण केलेली आहे. शिवाय गिऱ्हाइकांना सूचना पाठवायची, की फोनवर नकार कळवायचा असल्यास हा त्याचा नंबर.

मालकांनी विचारलं, "त्याच्या पेटीत मावेल एवढं?"

"ते त्यानं बघायचं."

"आणि हे कायद्यात बसतं?"

"कायद्यातूनच काढलंय."

खडू नुसता बघत होता. मशीन बंद पाडू या म्हणणारा तोच. आता म्हणाला, "माझी आयडिया बरी होती. एका दिवसात संपलं असतं."

१ एप्रिल, सोमवार

सुरू केलं. सगळे नकार एकदम सोडले नाहीत. एकदम सोडले तर हल्ला ठरेल. कामाच्या वेळेत, थोडे थोडे, संपेपर्यंत. त्याला त्याच वेळी मागण्या येत असणार.

तो अजून पट्टे पाठवतोच आहे, म्हणजे नकारही वाढतील. यंत्र आपलं आपण चालतं.

आत्याच्या डोळ्यात औषध घातलं. तिने विचारलं, "आज खूश दिसतेस?"

"तुला कुठे दिसतंय," मी म्हटलं.

हसली. तिला असलं आवडतं.

५ एप्रिल, शुक्रवार

पोचा येऊ लागल्या. पहिल्या दिवशीच्या सगळ्या त्याने एकेक करून स्वतः लिहिलेल्या: ‘आपले पत्र मिळाले. नाव वगळले आहे. तसदीबद्दल क्षमस्व. गुडघ्यांची काळजी घ्यावी.’ प्रत्येकीत शेवटचं वाक्य वेगळं. कुणाला थंडीत चालू नका, कुणाला जिना टाळा. परवापासून नुसतं ‘मिळाले. वगळले.’ आज एकही नाही.

पोच न देणं हा नियमभंग आहे. नोंद करून ठेवली.

खडू म्हणतो त्याने गंमत म्हणून नंबर लावून पाहिला. एका बाईने उचलला आणि काही न ऐकताच म्हणाली, "वगळलं, वगळलं, वगळलं," आणि ठेवला. खडूने हे मला सांगितलं ते हसवायला, पण सांगता सांगता त्याचं त्यालाच हसू आलं नाही.

९ एप्रिल, मंगळवार

रुग्णालयाला फोन केला. काही नाही. यादी लांब आहे. आत्या आता कपात चहा ओतताना बोट कपाच्या कडेवर ठेवते.

आमच्या रस्त्यावरच्या भिंतींवर, बसवर, औषधाच्या डब्यांवर किती बारीक छापतात, हे मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

१६ एप्रिल, मंगळवार

तो आला.

अकराच्या सुमारास काचेच्या दाराबाहेर एक माणूस कठडा धरून उभा राहिला, धाप ओसरेपर्यंत. लिफ्ट बंद होती. पन्नाशीचा, इस्त्री केलेला सदरा, पँटवरून दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले, हातात कापडी पिशवी. खडू माझ्या कानाशी म्हणाला, "जाहिरात चालत आली."

मालक बाहेर गेले होते. मी म्हटलं, बोला. समोरच्या खुर्चीवर माझ्या फाइली होत्या. मी त्या उचलल्या नाहीत.

"ताई, ते थांबवा," तो म्हणाला. "मी सगळ्यांची नावं काढली. शपथेवर काढली. आता तुमच्यापैकी कुणालाच जात नाही. तरी येतंय."

"पूर्वी आलेल्या मेलचे नकार आहेत. अजून शिल्लक आहेत."

"अहो, पण माणूस एकच. त्याला एकदा वगळलं ना. तोच पंचवीसदा नको म्हणतोय."

"तुम्ही त्याला पंचवीसदा विचारलंत."

त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"पेटी भरलीय. मागण्या परत जातायत. फोन घरातलाच, तो बायको उचलते, लोक तिला काय काय बोलतात. पट्टे तीच शिवते. आठ दिवस झाले, मशीनवर बसली नाही."

"यादी कुठून आणलीत?"

"विकत घेतली. सगळेच घेतात." मग म्हणाला, "राग मानू नका, पण रोज इतके जण पाठवतात. केसाचं तेल, कर्ज, लॉटरी. त्यांना कुणी काही केलंय?"

"त्यांचे पत्ते खोटे असतात."

"म्हणजे मी खरा दिला म्हणून."

हे बरोबर आहे. मी तसं म्हटलंही. "हो. खोट्या पत्त्यावर नकार पाठवता येत नाही."

खडूने पाण्याचा ग्लास आणून दिला. मी त्याला आणायला सांगितलं नव्हतं.

माणूस पाणी प्यायला आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाला, "मी अक्षर मोठं ठेवतो, कारण घेणारी माणसं म्हातारी. त्यावरूनही लोकांनी शिव्या दिल्या. एक बाई होत्या, त्या मात्र उत्तर लिहायच्या. आधी पट्टा मागवला, मग माझ्या जाहिरातीतल्या चुका काढून पाठवायला लागल्या. ‘आर्शिवाद नाही, आशीर्वाद. आणि म्हातारा हसतोय तर दात तरी नीट काढा.’ मी तसं बदललं. पुढे त्या लिहिनाशा झाल्या. डोळ्यांचं काहीतरी होतं त्यांचं, म्हटलं आजारी असतील. आणि गेल्या आठवड्यात त्यांचाही नकार आला. एक नाही. जेवढी पत्रं तेवढे. सगळे एकाच भाषेत. रागावल्या असत्या तर निदान चुका काढल्या असत्या."

कोण बाई ते मला कळलं. तोंडावर काही दिसू दिलं नाही.

"तुम्ही थांबवता का?" त्याने विचारलं.

"प्रत्येक नकाराची लेखी पोच द्या. मिळाली की तो विषय संपतो."

"ताई, आयुष्य जाईल त्यात."

"नियम मी केलेला नाही."

तो उठला, म्हणजे उभाच होता, वळला. पिशवीतून एक पट्टा काढून खडूच्या टेबलावर ठेवला. "जिने फार आहेत तुमच्याकडे." मग कठडा धरून एकेक पायरी उतरत गेला. हसत नव्हता. चित्रातल्या म्हाताऱ्याचे दात खरंच नीट काढलेले नाहीत, मी नंतर पाहिलं.

खडू दिवसभर माझ्याशी बोलला नाही. चार वाजता मात्र म्हणाला, "बसायला तरी सांगायचं."

१७ एप्रिल, बुधवार

आत्याला विचारलं, "तू त्याला उत्तर दिलंस?"

"कुणाला?"

"पट्टेवाल्याला."

"अगं, त्यानं आर्शिवाद लिहिलं होतं. चाळीस वर्षं मी तेच पुसत आले. गप्प बसवेना." साडी किंचित वर करून दाखवली. दोन्ही गुडघ्यांना पट्टे. "आणि बरं वाटतं हे. तुला सांगितलं नाही, तू चौकशी लावली असतीस."

"तुझी मेल त्याच्यापायी अडकली. तुझा डोळा."

"माझी मेल तुझ्या चाळणीत अडकली," आत्या म्हणाली. रागाने नाही. एखाद्या ओळीतला चुकलेला काना दाखवावा तशी.

"चाळणी का लावली मग?"

तिने साडी खाली सोडली. म्हणाली, "मी काल लिहिलं त्याला. म्हटलं, बरे आहात ना, बरेच दिवस पत्र नाही. ते परत आलं. पेटी भरली आहे म्हणे. कशानं भरते एवढी पेटी?"

"नकारांनी."

"कुणाच्या?"

मी खरं ते सांगितलं. खोटं बोलायचं कारण नव्हतं. सगळ्यांच्या. तिच्याही.

"माझ्या नावानं तू त्याला नको म्हणालीस."

"करारात आहे ते. तू खूण केली आहेस."

"वाचता कुठे येत होतं मला. तू म्हणालीस इथे कर, मी केली." मग तिने हात पुढे करून माझा चेहरा चाचपला, भाजी निवडते तसा. "थांबव आता ते, बाळा. माणूस आहे तो."

मी म्हटलं, बघते. बघायचं काही नव्हतं. शिल्लक नकार थोडेच राहिले होते. काम अर्धवट सोडलं तर पहिलं अर्धंही चूक होतं असं ठरतं.

२६ एप्रिल, शुक्रवार

शेवटचा नकार आज गेला आणि परत आला. पेटी भरली म्हणून नव्हे. असा पत्ताच नाही म्हणून. फोनही बंद आहे.

मालकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. वकीलबाई जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, ऐकलं मी. मी विचारलं, यात कुठे कायदा मोडला का. "नाही," त्या म्हणाल्या, "कुठेच नाही. म्हणून तर मला तुझी केस घ्यायला आवडली नसती." आणि निघून गेल्या. त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं ते कळलं नाही. केस झालीच नाही, तर घेण्याचा प्रश्न कुठे येतो.

खडू पट्टा घालून बसतो. त्याचे गुडघे ठणठणीत आहेत.

३ मे, शुक्रवार

दुपारी मोठ्या अक्षरांचा नियम तपासायला घेतला. ज्याच्यासाठी केला तो आता नाही, तेव्हा अजून काय काय अडकतंय ते पाहावं म्हणून. नमुन्यासाठी आत्याची पेटी उघडली. तिचा टाकाऊ कप्पा.

वर पट्टेवाल्याची एक मेल. दुसऱ्याच कुणाच्या तरी पत्त्यावरून पाठवलेली, जाहिरात नाही. ‘आदरणीय बाई, आपला नकार मिळाला. नाव वगळले आहे. धंदा बंद करीत आहे. आपण सुधारलेली शेवटची जाहिरात छापून घरात लावली आहे. आशीर्वाद असावा.’ या वेळी बरोबर लिहिलं होतं.

तिच्याखाली आणखी एक. रुग्णालयातून, पण मी मोकळीक दिलेल्या पत्त्यावरून नाही. तिथल्या एका परिचारिकेने स्वतःच्या पत्त्यावरून लिहिलेली. मोठ्या अक्षरांत.

‘आजी, मी इंजेक्शनवाली सिस्टर. एका पेशंटने माघार घेतली आहे, डॉक्टरांना विचारून तुमचं नाव मध्ये घातलं. मंगळवारी ऑपरेशन. फोन लागत नाही म्हणून लिहिते. सोमवारपर्यंत नुसतं हो कळवा. कुणाला सांगू नका मी पाळी मोडली ते.’

तो सोमवार गेला. मंगळवारही गेला.

रुग्णालयाला फोन केला. सिस्टर सुट्टीवर आहे. डॉक्टरीणबाई स्वतः फोनवर आल्या. म्हणाल्या, गेल्या तपासणीतच व्रण बराच आत होता, म्हणून तर मंगळवारी घेत होतो. आता यादीत नाव ठेवते, पण आशा ठेवू नका. "तुम्हाला मेल मिळाली नाही का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाहते.

मोठ्या अक्षरांचा नियम काढून टाकला. प्रत्येक बदलाचं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं: प्रेषक बंद पडल्याने नियम अनावश्यक. हे खरं आहे. खडूने ते वाचलं आणि मान हलवली, म्हणाला, शेवटी एकदाचा काढलास.

टाकाऊ कप्पा ठरावीक मुदतीनंतर आपोआप रिकामा होतो. मी मुदतीची वाट पाहिली नाही. तसं करण्याचा अधिकार मला आहे.

घरी आले तेव्हा आत्या खिडकीशी बसली होती, तोंड उजेडाकडे. पायांना पट्टे. किल्ली ठेवल्याचा आवाज ऐकून तिने विचारलं, "आलं का गं काही? रुग्णालयाचं?"

"नाही."

"आणि त्या पट्टेवाल्याचं?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, आत्या."

ती मान डोलावत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे चाळणी चोख चाललीय तुझी."

मी हो म्हटलं, आणि डोळ्यात घालायचं औषध आणायला आत गेले.